दादाचं इंजिन स्लोला मरतंय

दादाचा फोन आला की तो आधी पंधरा मिनिटं दुसरंच बोलतो. पाणी किती मागं गेलं, शेजारच्या म्हशीला काय झालं, कुणाच्या घरी पाहुणे आले. मग मी म्हणते, "दादा, माझी भाजी लागतीय खाली, कामाचं बोल." तेव्हा कुठे तो मुद्द्यावर येतो. त्या दिवशी म्हणाला, "काय न्हाय गं. इंजिन स्लोला मरतंय."

"कधीपासून?"

"लय दिस झालं."

"मग आत्ता सांगतोस?"

"तू काय करणार हायेस तिकडून?"

हे आमच्या दादाचं उत्तर. ज्या बहिणीने तीस वर्षं कोथरूडच्या गॅरेजमध्ये बसून कार्बोरेटर धुतले, तिला हा विचारतो, तू काय करणार.

आता आधी सगळं रीतसर सांगते. नाहीतर माझी सून म्हणते, आई, तुमची गोष्ट म्हणजे चालत्या बसमध्ये चढायचं.

आम्ही भोई. माझं माहेर उजनीच्या पाण्याकाठचं. वडील जाळं टाकायचे, आता दादा टाकतो. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, म्हणजे तुम्हीच समजा. जाळं सोडायचं काम दोघांचं असतं. एकाने होडी हळूहळू पुढे न्यायची, माणूस रमतगमत चालतो ना तेवढीच, आणि दुसऱ्याने दोन्ही हातांनी जाळं सोडत जायचं. होडी जोरात गेली तर जाळं गुंतून गोळा होऊन पडतं. होडी थांबली तर वाऱ्याने मागे येते आणि जाळ्यावरच चढते. आमच्या दादाची वल्ही वहिनी मारायची. चाळीस वर्षं. तीन वर्षांपूर्वी ती गेली. त्यानंतर दादाचा उजवा खांदा धरला, हात कानाच्या वर जाईना. तेव्हा त्याच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने, होडीला एक छोटं इंजिन बसवून दिलं. शेतात पाण्याच्या पंपाला असतं तसलं पेट्रोलचं इंजिन, त्याला एक लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला पंखा. दांडा पाण्यात सोडायचा, दोरी ओढायची, की निघाली होडी. क्लच नाही, गिअर नाही. इंजिन चालू म्हणजे पंखा चालू.

जोरात ते इंजिन झकास पळायचं. पण जाळं सोडायला हळू केलं की फुस्स. आणि दादाला काम होतं ते फक्त हळूचं.

भाचा स्वभावाने वाईट नाही. पिकअप गाडी चालवतो, सकाळी मासळी घेऊन बाजारात जातो, बापाला फार जपतो. जरा जास्तच जपतो. त्याने सांगून टाकलं, "अण्णा, इंजिन नीट झालं तर ठीक. नाहीतर होडी काकाच्या पोराला देऊन टाकू. तुम्ही काठावर बसा, जाळी विणा." हे ऐकल्यावर माझा जीव तीळतीळ तुटला. काठावर बसून जाळं विणणारा दादा मला डोळ्यांसमोर आणता येईना. मी सांगितलं, "इंजिन पाठव पुण्याला."

आमचं गॅरेज आता बंद आहे. हल्लीच्या गाड्यांना कार्बोरेटर नसतोच, सगळं कॉम्प्युटरवर. ह्यांनी शटर ओढलं त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून हे घरात पंखे उघडतात, मिक्सर उघडतात, चांगलं चाललेलं घड्याळ उघडतात. त्यामुळे भाच्याच्या पिकअपमधून ते इंजिन आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरलं तेव्हा ह्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो आमच्या लग्नातल्या एकाही फोटोत नाही.

ह्यांनी दोन स्टुलं लावली, वर फळी, फळीला इंजिन बांधलं. लांब दांडा मागे हवेत. सेक्रेटरी खाली आले, सगळीकडून फिरून पाहिलं आणि म्हणाले, "आपल्या सोसायटीत पाणी टँकरचं येतं. होडीची तयारी कशाला?"

हे म्हणाले, "तुम्ही मेंटेनन्स वाढवला की लोक होडीने पळतील."

झालं ते एक.

मी कार्बोरेटर सोडवून घेतला आणि नेहमीप्रमाणे स्टीलच्या डब्यात पेट्रोल घेऊन बसले. आता हे मी शिकले कुठे? कुणी शिकवलं नाही. गॅरेजमध्ये मी गल्ल्यावर बसायचे आणि हात रिकामे असले की जेट धुवायचे. धुता धुता कळायला लागलं. कार्बोरेटरमध्ये दोन जेट असतात, म्हणजे पितळेच्या बारीक भोकाच्या टिकल्याच म्हणा ना. मोठा जेट जोरात पळायला पेट्रोल देतो. छोटा, तो स्लोचा, गाडी हळू असताना पेट्रोल देतो. स्लोच्या जेटचं भोक इतकं बारीक की उजेडाला धरल्याशिवाय दिसत नाही. ते तोंडाने फुंकायचं, फारच चिकट असेल तर खराट्याची एक काडी तासून हळूच फिरवायची. तार घालायची नाही. कधीच नाही. तारेने पितळ खरवडतं, भोक मोठं होतं आणि मग तो जेट काही कामाचा राहत नाही.

मी जेट उजेडाला धरला. भोक मोठं, आणि गोलसुद्धा नाही, चिंचोक्यासारखं. मी भाच्याला फोन लावला.

"ह्यात तार कुणी घातली?"

"आत्या, कचरा अडकला होता."

"कुठली तार?"

"सायकलच्या ब्रेकची."

मी फोन ठेवून दिला.

ह्यांनी आमच्या जुन्या डब्यातून एक स्लोचा जेट शोधून बसवला. मग इंजिन चालू केलं आणि ट्यूनिंगला बसले. ह्यांची ट्यूनिंगची पद्धत ठरलेली. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. गिऱ्हाईक समोर असेल तर डोळे जरा जास्त वेळ मिटायचे. दोन स्क्रू असतात. एक रेसचा, इंजिन किती वेगात फिरणार ते ठरवणारा, आणि एक हवेचा, पेट्रोलमध्ये हवा किती मिसळणार ते ठरवणारा. हे दोन्ही पाव पाव फेरा फिरवत फिरवत ह्यांनी इंजिन असं आणलं की टुक, टुक, टुक, वाफ येणाऱ्या इडलीपात्रासारखं. मागे दांड्याचा पंखा हवेत गरगर फिरतोय. चौथ्या मजल्यावरून कुणीतरी मूल खाली बघून टाळ्या वाजवायला लागलं.

"काय?" हे म्हणाले.

मी म्हटलं, "झालं."

ही माझी चूक. लिहून ठेवते, कारण पुढे सगळ्यांच्या चुका सांगणार आहे आणि माझी गाळली असं व्हायला नको.

इंजिन परत गेलं. चौथ्या दिवशी भाच्याचा फोन. आवाजावरूनच कळलं. दादा पहाटे जाळं सोडायला गेला, रेस कमी केली, दहा-बारा हात जाळं सुटलं आणि इंजिन बंद. होडी वाऱ्याने मागे आली, जाळ्यावर चढली. दादाने घाईघाईत दोरी ओढली, इंजिन चालू झालं आणि पंख्याने जाळं गुंडाळून घेतलं. अर्धं जाळं कापावं लागलं. दुसऱ्या होडीने ओढून आणलं त्याला. ओढून! साठ वर्षं पाण्यात काढलेल्या माणसाला, सगळ्या काठाच्या देखत.

"आत्या, मी काय म्हणतो ते ऐका आता," भाचा म्हणाला. "येत्या रविवारी माझ्यासमोर जाळं सोडायचं. अख्खं. एकट्याने. मधे एकदा जरी बंद पडलं तर होडी दिली म्हणून समजा. मला बापाला पाण्यात शोधायची वेळ नकोय."

तो म्हणत होता ते खोटं नव्हतं.

दादाला विचारलं तर म्हणाला, "जाऊ दे गं. देऊन टाकू होडी." आणि मग पंधरा मिनिटं म्हशीबद्दल बोलला. तेव्हा मला कळलं की आता प्रकरण गंभीर आहे.

इकडे घरात काय, तर मीटिंग. आमचा मुलगा खराडीला कंपनीत आहे, त्याला कुठलीही अडचण सांगितली की तो आधी लॅपटॉप उघडतो. "बाबा, जुना कार्बोरेटरच बदलून टाकू. हा बघा. बिगर बोअर, म्हणजे मोठ्या गळ्याचा. रिव्ह्यूज बघा ना, फोर पॉइंट सिक्स. मामाला पॉवर मिळेल."

मी म्हटलं, "मामाला पॉवर नकोय रे. मामाला हळू जायचंय."

"आई, पॉवर असली की हळू पण जाता येतं."

"तुझ्या बाईकवर जाऊन दाखव बघू हळू."

सून तोंडावर ओढणी घेऊन हसली. पण आमचे हे, जन्मभर कार्बोरेटर उघडलेला माणूस, लॅपटॉपवरचं ते चकचकीत चित्र बघून म्हणाले, "दिसतोय दणकट." संपलं. मागवला. दुसऱ्या दिवशी दारात.

मोठा गळा का चालणार नाही, ते मी मुलाला शहाळ्यावर समजावलं. म्हटलं, शहाळं पितोस ना? बारीक नळीने ओढलं की पाणी चटकन तोंडात येतं. तिथे जाड पाइप लावून ओढ. गाल दुखतील आणि पाणी खालीच. कार्बोरेटरच्या गळ्यातून हवा ओढली जाते आणि ती जाता जाता पेट्रोल वर खेचते. गळा मोठा असला तर जोरात असताना उत्तम, भरपूर हवा, भरपूर पेट्रोल. पण इंजिन हळू फिरतं तेव्हा त्या एवढ्या मोठ्या गळ्यातून हवा नुसती फिरायला निघाल्यासारखी जाते, पेट्रोलला हातसुद्धा लावत नाही. हळू चालायचं असेल तर गळा लहान हवा.

मुलगा म्हणाला, "आई, तू हे यूट्यूबवर टाक."

"तू आधी कानात टाक."

ह्यांनी तरीही तो मोठा कार्बोरेटर मनोभावे पुसून टेबलावर ठेवला. रविवारी बसवू म्हणाले. मग मी भाच्याने इंजिनावरून काढून पाठवलेला जुना कार्बोरेटर पिशवीत घातला, चप्पल घातली आणि बस पकडली.

नाना पेठेत स्पेअरपार्टचं एक दुकान आहे, आमचं तीस वर्षांचं. चाचांचे वडील बसायचे, आता चाचा बसतात. मला बघून त्यांनी चष्मा वर केला. "वहिनी! साहेब नाही आले?"

"साहेब घरी कार्बोरेटर पुसतायत."

"बरं. कुठल्या गाडीचं पाहिजे?"

"होडीचं."

चाचांनी चष्मा परत खाली केला. "मुठेत?"

"उजनीला हो, भावाच्या होडीला."

"मग ठीक. मला वाटलं एवढं पाणी सोडलंय आणि मला खबर नाही."

मी पिशवीतून जुना काढला. त्यांनी घेतला, बोटाने आतली झडप हलवली. ती झडप जिच्यावर फिरते ती दांडी खुळखुळत होती. मी हे आधी का पाहिलं नाही? जेटच्याच मागे लागले होते. दांडी ढिली झाली की तिच्या बाजूने चोरून हवा आत जाते. जोरात असताना काही कळत नाही, पण स्लोला तीच हवा सगळं बिघडवते. तेव्हा नवीनच हवा होता. चाचांनी चार खोकी काढली. एक मोठ्या गळ्याचा, तो मी बघितलाही नाही. दुसऱ्याचा हवेचा स्क्रू कंपनीतूनच बंद करून आलेला. तिसऱ्याचा स्लोचा जेट दाबून बसवलेला, बाहेर निघत नव्हता. हल्लीचं पेट्रोल चार दिवस उभं राहिलं की तळाला चिकट धरतं, जेट निघालाच पाहिजे, नाहीतर दादा पुन्हा भाच्याला बोलावणार आणि भाचा पुन्हा सायकल शोधणार. चौथा जुन्यापेक्षाही लहान गळ्याचा, जेट सुटा, स्क्रू हाताशी, आणि बोल्टची भोकं जुन्याला जुळत होती.

"हा," मी म्हटलं.

"ह्याने होडी पळणार नाही, वहिनी."

"पळायला नकोच आहे, चाचा. तीच तर तक्रार आहे."

परत येताना बस अलका चौकात सिग्नलला उभी. खाली एक जुनी स्कूटर. नवरा, बायको, मधे पोरगी, पुढे भाजीची पिशवी. स्कूटर उभी होती तोवर छान चालू होती. हिरवा झाला, त्याने गिअर टाकला, क्लच सोडला आणि बंद. मागे हॉर्नचा कल्लोळ. त्याने किक मारली, चालू. गिअर टाकला, बंद. बायको म्हणाली, "काल तर ट्यूनिंग करून आणलीत ना?" तो म्हणाला, "गॅरेजमध्ये ठीक होती."

गॅरेजमध्ये ठीक होती! हे वाक्य मी गल्ल्यावर बसून किती वेळा ऐकलं असेल. आणि मी बसमध्ये जोरात स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला, शेजारची बाई दचकली. आम्ही काय केलं होतं? दोन स्टुलांवर इंजिन आणि पंखा हवेत. हवेत पंखा फिरवायला काय लागतं? जोर लागतो तो पाण्यात. स्कूटर स्टँडवर लावून, चाक हवेत ठेवून ट्यूनिंग करायची, ह्यांची तीस वर्षांची सवय. होडीसुद्धा ह्यांनी स्टँडवर लावली. आणि मी, जी स्वतः होडीत वाढले, ती म्हणाले, "झालं."

घरी येऊन सांगितलं तर हे म्हणाले, "माझ्या हातून ट्यून झालेली गाडी कधी परत आली का?"

मी म्हटलं, "रोज. तुम्ही मागे चहाला जायचात, मी सांगायचे साहेब नाहीत म्हणून."

ह्यांनी पेपर उघडला. तो काल संध्याकाळी वाचून झालेला होता.

रविवारी आम्ही तिघं मुलाच्या गाडीतून निघालो. लोणी काळभोरला चहा झाला, तिथेही हे दोघं बिगर बोअरबद्दलच बोलत होते. मोठा कार्बोरेटर डिकीत होता. मी माझा मांडीवर ठेवला होता, रुमालात.

काठावर दादा उभा. स्वच्छ सदरा, टोपी. भाचा हाताची घडी घालून पिकअपला टेकलेला. नवीन जाळं होडीत नीट घडी करून ठेवलेलं, मला बघितल्याबरोबर कळलं की दादाने स्वतः रचलंय, घडीवर घडी, जसं वहिनी रचायची.

ह्यांनी काठावरच दगड शोधायला सुरुवात केली. इंजिन टेकवायला.

"अहो," मी म्हटलं, "आज ट्यूनिंग पाण्यात. होडीत जाळं ठेवून, दादाला बसवून, पंखा पाण्यात बुडवून."

"हलत्या होडीत? स्क्रू फिरवताना हात हलेल."

"माझा हात माहेरचा आहे."

कार्बोरेटर बसवायला मला पाऊण तास लागला. दादा येऊन बघून गेला. "काय गं, इंजिन हाय का नवरदेव? किती येळ नटवतीस?" मी बोलले नाही. तोंडात बोल्ट होता. बसल्यावर दादाला होडीत घातलं, मी साडी खोचून मागच्या फळीवर बसले. चौदा-पंधरा वर्षांनी होडीत बसले असेन. होडी एका बाजूला कलली तसा दादा म्हणाला, "कोथरूडचं वजन हाय."

काठापासून जरा आत गेलो. इंजिन आधी गरम होऊ दिलं. थंड इंजिनावर ट्यूनिंग केलं की गरम झाल्यावर सगळं हुकतं, हा दुसरा नियम, तोही कुणी पाळत नाही. मग रेस कमी करत आणली. पंखा पाण्यात, त्यामुळे इंजिनाचा आवाज जड. कमी केली, अडखळलं. हवेचा स्क्रू पाव फेरा बाहेर. जरा सुधारलं. अजून पाव. आता धूर पांढुरका, आवाज कोरडा, म्हणजे हवा जास्त. थोडा आत. रेस अजून कमी. तीन वेळा बंद पडलं, तीन वेळा दादाने डाव्या हाताने दोरी ओढली आणि तिन्ही वेळा म्हणाला, "बघ, मरतंय." चौथ्या वेळी मी म्हटलं, "दादा, तू आता एक शब्द बोललास तर मी पाण्यात उडी मारीन." तो म्हणाला, "मार की. मोकळी होईल होडी."

पण पाचव्या वेळी धरलं. होडी माणूस चालतो तशी निघाली, पाण्याला ओरखडासुद्धा नाही. आवाज टुकटुक नव्हता, तो काही कौतुकाचा आवाज नव्हता, जरा घोगरा, आजारातून उठलेल्या माणसासारखा. पण थांबला नाही. वळवली, वाऱ्याच्या तोंडावर घेतली, तरी नाही. मी सुनेची लाल नेलपॉलिश मुद्दाम पिशवीत आणली होती. हवेच्या स्क्रूच्या डोक्यावरून कार्बोरेटरपर्यंत एक बारीक रेघ ओढली. "ही रेघ सरळ दिसली पाहिजे. हलली की समज कुणीतरी हात लावलाय. आणि हात लावायचा नाही."

"न्हाय लावत," दादा म्हणाला.

मला काठावर उतरवलं आणि दादा एकटा निघाला.

आम्ही चौघं काठावर. दादाने इंजिनाचा दांडा मांडीखाली धरला, पाण्यात पहिली बाटली पडली, म्हणजे जाळं तरंगत ठेवायला बांधलेली रिकामी बाटली, आणि जाळं सुटायला लागलं. हळू. दोन्ही हात जाळ्यात. खांदा दुखत असणार, पण हात खालून सोडत होता, वर न्यायची गरज नव्हती. बाटल्यांची रांग पाण्यावर लांब लांब होत गेली. भाचा हाताची घडी सोडून दोन पावलं पुढे गेला. मी श्वास मोजत होते. ह्यांनी डोळे मिटले होते आणि मान एका बाजूला कलती केली होती. गॅरेजमधल्यासारखी, पण आज समोर गिऱ्हाईक नव्हतं.

शेवटची बाटली पडली. आणि इंजिन बंद.

मुलाने माझ्याकडे बघितलं नाही, ते मला जास्त लागलं. भाचा हळूच म्हणाला, "आत्या, तुम्ही लय प्रयत्न केला."

"बंद नाही पडलं," हे म्हणाले, डोळे मिटलेलेच. "पडलं असतं तर आधी अडखळलं असतं. ते बंद केलंय."

"कशाला बंद करतील, मामा? घरी यायचंय त्यांना अजून," भाचा ह्यांना म्हणाला.

मी ओरडले, "दादा! ए दादा! काय झालं?" त्याने नुसता हात वर केला. डावा. आणि बसून राहिला. होडी जाळ्यापासून चार हातांवर, दादा स्थिर, पाठ आमच्याकडे. मी आणखी दोन वेळा ओरडले. पुन्हा तोच हात. आता मला राग येऊ लागला. एवढा जीव काढून, एवढ्या लांब येऊन, हा माणूस आज, आजच, काठावर मुलगा उभा असताना, इंजिन बंद करून बसतो?

आणि मग भाचा म्हणाला, "आत्या, ओरडू नका." वेगळ्याच आवाजात म्हणाला. "जाळ्यावर आवाज करत नाहीत."

मी पदर तोंडावर दाबला. लहानपणी जाळं सोडून झालं की वडील वल्ही आत घ्यायचे आणि आम्हा मुलांना खोकूसुद्धा द्यायचे नाहीत. नुकत्याच सोडलेल्या जाळ्याशेजारी आवाज झाला की मासा पळतो. तेवढा वेळ गप्प बसायचं. हे भोयाच्या घरातलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं, आणि मी काठावरून बोंब मारत होते. वल्ह्यांना आवाज नव्हता म्हणून कधी काही बंद करायला लागलं नव्हतं. इंजिनाला आवाज आहे, तर त्याने बंद केलं. साधी गोष्ट. एक शब्द आधी सांगितला असता तर काय बिघडलं असतं? पण आमचा दादा सांगणार म्हशीचं.

बराच वेळ गेला. मग तो वाकला, ओंजळीने पाणी घेऊन कपाळाला लावलं, आणि डाव्या हाताने दोरी ओढली. एकदा. इंजिन लागलं.

आता सरळ परत यावं की नाही? नाही. त्याने रेस वाढवलीच नाही. जाळं सोडताना जेवढी हळू होती तेवढीच हळू होडी घेऊन तो परत निघाला. अख्खा वळसा घालून. आम्ही उन्हात उभे. मुलगा म्हणाला, "मामा वेगात का नाही येत?" मी म्हटलं, "आपल्याला दाखवतोय." भाचा हसला. त्या दिवसातलं त्याचं ते पहिलंच हसणं. पाण्यात गुडघाभर आत जाऊन त्याने होडीची दोरी धरली आणि म्हणाला, "अण्णा, ते फुगवायचं जाकीट घातल्याशिवाय मात्र आत जायचं नाही."

"बघू," दादा म्हणाला.

"बघू नाही. घालायचं."

"बरं."

म्हणजे होडी राहिली. तेवढ्यावर बोलणं संपलं. आमच्याकडे ह्याहून जास्त बोलत नाहीत. डिकीतला मोठा कार्बोरेटर मुलाने भाच्याला देऊ केला. भाच्याने तो हातात घेऊन बघितला आणि म्हणाला, "ह्यात तार जाईल." मी त्याच्या हातातून काढून घेतला.

मग मी होडीत वाकून इंजिन बघितलं. लाल रेघ तुटली होती. स्क्रू पाव फेरा बाहेर आलेला.

"दादा, हात लावलास?"

"जरासा. जाळं सुटायच्या आधी. वाऱ्यात अडखळत व्हतं."

"मी सांगितलं होतं ना?"

"सांगितलंवतंस."

मी दोरी ओढायला लावली. चालू केलं, कमी केलं, अजून कमी केलं. कान देऊन ऐकलं. ह्यांनीही ऐकलं, स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे. दादा टोपी झटकत दुसरीकडे बघत होता.

माझ्यापेक्षा चांगलं लागलं होतं.

मी पदराच्या टोकाने जुनी रेघ खरवडून काढली, निघता निघेना, नखाने खरवडली. मग नेलपॉलिशची बाटली उघडली आणि स्क्रू आता जिथे होता तिथे नवीन रेघ ओढली.